अंथरूण पाहून

"आणि हनी, तुमचं वजन?" ट्रिशने काउंटरवरून मान पुढे काढून विचारलं, आणि माझ्या हातातला कॉफीचा कागदी कप हिंदकळला. शनिवारची दुपार. ट्रान्झिट रोडवरचं ते ट्रेलरांचं, म्हणजे गाडीमागे जोडून ओढायच्या घरांचं, भलंमोठं दुकान. शेजारी एक अख्खं कुटुंब फुकटचं पॉपकॉर्न खात उभं. आणि ही चाळिशीची विक्रेती बाई च्युइंगम चघळत मला सगळ्यांदेखत वजन विचारते! वय विचार बाई, मत कुणाला दिलंस ते विचार, पण वजन? "एकशे साठ पौंड," मी म्हणाले. जीभ अडखळलीसुद्धा नाही. ट्रिशने आकडा लिहून घेतला. "आणि साहेब, तुमचं?" माझा नवरा नॉर्बर्ट माझ्या शेजारीच उभा होता. मी एकशे साठ म्हणाले तेव्हाच तो छताकडे बघायला लागला होता. "दोनशे," तो छताला म्हणाला. मग मीही छताकडे बघितलं. दोनशे! दोनशे तो आमच्या मुलीच्या, डॉनाच्या बाप्तिस्म्याला होता, आणि डॉनाला आता चाळिसावं लागलंय. आम्ही दोघं इतकं निरखून वर बघत होतो, की ट्रिशनेही एकदा मान वर करून घेतली, काही गळतंय का बघायला.

मला माझंच हसू यायला हवं होतं, पण आलं नाही. जन्मभर मी बेकरीच्या काट्यामागे उभी राहिले. ब्रॉडवे मार्केटमध्ये राय ब्रेड, खसखशीचे रोल, ईस्टरला साच्यात घातलेली लोण्याची कोकरं, सगळं लोकांना तोलून दिलं, आणि कधी कुणाला अर्ध्या औंसाला फसवलं नाही. स्वतःचं वजन मात्र झाकली मूठ. डॉक्टरकडे काट्यावर मी पाठ करून उभी राहते. नर्सला सांगते, लिही पण बोलू नकोस. नॉर्बला माझा आकडा माहीत नाही, आणि त्याला माहीत नाही याचं मला बरं वाटत आलंय. बेकरीत काम करणाऱ्या बाईच्या अंगाला हवेतून साखर लागते, असं माझी बहीण बर्निस म्हणते. बर्निस बोलते तसं बोलायला फार धीर लागत नाही, कारण ती पेन्सिलीएवढी आहे. पण ट्रिशने विचारल्यावर मला लाज वाटली ती निराळीच. आपलं घर विकलंय, ऑक्टोबरच्या आत रिकामं करायचंय, उरलेलं आयुष्य या माणसाबरोबर एका डब्यात काढायला निघालोय, आणि हा डबा घेताना पहिल्याच प्रश्नाला आपण दोघंही खोटं बोललो. आणखी कुठे कुठे खोटं बोलायचं ठरवून आलोय आपण, असं मनात आलं, आणि ते कुठे ते मला बरोबर ठाऊक होतं.

वजनाची ही भानगड नॉर्बच्या लाल ट्रकमुळे झाली. दोन वर्षं हा माणूस रोज सकाळी ओटमीलच्या वाडग्यापुढे ट्रेलरचे व्हिडिओ लावून बसायचा. कुठली टाकी गोठते, कुठलं छत गळतं, वाळवंटात बॅटरी कशी टिकते, सगळं तोंडपाठ. प्रत्येक व्हिडिओतला माणूस एकच गोष्ट सांगायचा, की आधी घर ठरवा, मग ते ओढणारी गाडी घ्या. नॉर्ब मान डोलवायचा. "बरोबर आहे, लोरेटा, हाच मुद्दा आहे." आणि एप्रिलमध्ये एका सकाळी गेला अंडी आणायला, आणि आला तो लाल ट्रक घेऊन. रंगावर भाळला. अंडी विसरला. "नऊ हजार पौंड ओढतो!" अंगणात उभा राहून सगळ्या गल्लीला सांगत होता. आज ट्रिशने त्या ट्रकचं दार उघडलं, चौकटीच्या आतल्या बाजूला चिकटवलेला पिवळा-पांढरा कागद दाखवला, आणि म्हणाली, "ओढणं वेगळं, वाहणं वेगळं, हनी. माणसं आणि सामान मिळून किती, ते इथे लिहिलंय. आणि ट्रेलरची जीभ याच्या पाठीवर टेकते, ते ओझंही यातच धरायचं." ट्रेलरच्या पुढच्या दांड्याला हे लोक जीभ म्हणतात. जिभेवर भार कमी ठेवला, तर मागचं अख्खं घर रस्त्यावर शेपटासारखं हलायला लागतं. जास्त ठेवला तर ट्रकचं कंबरडं मोडतं. नॉर्बने तो कागद वाचला. कान लाल झाले. दोन वर्षांत एकदाही त्याने स्वतःच्या ट्रकचं दार उघडून हे वाचलं नव्हतं. मला कीव आली त्याची, आणि खरं सांगते, थोडं बरंही वाटलं. मग काउंटरवर हिशेब करताना त्याने ठरवलेला ट्रेलर आमची दोघांची खोटी वजनं धरूनसुद्धा त्या कागदावरच्या आकड्यात बसेना. नाकापेक्षा मोती जड. "आणि ही पुस्तकातली वजनं कोरडी असतात हं," ट्रिश म्हणाली, "पाणी नाही, गॅस नाही, भांडी नाहीत, पांघरुणं नाहीत. तुम्ही नाही."

नॉर्बने ठरवलेला ट्रेलर म्हणजे बंकवाला. पुढे मोठा पलंग, मधे स्वयंपाकघर, आणि शेवटी एक छोटी खोली, तिला स्वतःचं दार, आत एकावर एक दोन बंक, म्हणजे भिंतीला ठोकलेले अरुंद पलंग. ट्रक आणल्यापासून त्याने हाच धरून ठेवला होता. का, तर डॉना येईल राहायला. डॉना! जिला हॉटेलातली उशी चालत नाही, जी टूसॉनमध्ये एअरकंडिशनरखाली बसून आम्हाला फोनवर "आई, तुम्ही दोघं वेडे झालात का?" म्हणते, ती येऊन बंकवर झोपणार. तो असं म्हणायचा आणि मी "हो ना" म्हणायचे. ती खोली कुणासाठी आहे ते मला पहिल्या दिवशीच कळलं होतं. नॉर्ब आणि मी वेगळ्या खोल्यांत झोपतो. भांडण नाही, अबोला नाही, तिसरं कुणी नाही. ही गोष्ट मी बर्निसलाही सांगितलेली नाही, आणि आम्ही दोघंही त्याबद्दल एकमेकांशी कधी एक शब्द बोललेलो नाही. रोज टीव्ही बंद होतो, तो "बरंय मग" म्हणतो, मी "बरंय" म्हणते, आणि वर गेल्यावर मी पुढच्या खोलीत वळते आणि तो डॉनाच्या जुन्या खोलीत, पिवळ्या पडद्यांच्या. भिंतीपलीकडून त्याचा खोकला येतो. दोनदा खोकतो आणि मग शांत. तो दुसरा खोकला ऐकल्याशिवाय मला झोप लागत नाही, हे त्याला माहीत नाही.

सुरुवात झाली ती बर्फामुळे. नॉर्ब महापालिकेची बर्फ सारायची गाडी चालवायचा. आमच्या बफेलोत बर्फाचं काय सांगायचं. आम्ही दार उघडायच्या आधी खिडकीतून बघतो, दार आहे का. रात्रभर गाडी हाणून तो उजाडताना घरी यायचा, अंगाला डिझेलचा आणि मिठाचा वास, आणि पांघरुणात शिरला की पहिलं काम म्हणजे आपले बर्फाचे पाय माझ्या पोटऱ्यांवर टेकवायचे. मी किंचाळायचे. शिव्या घालायचे. तो गदगदा हसायचा, आणि त्या हसण्याने पलंग हलायचा. हे वर्षानुवर्षं चाललं. मग तो मोठ्या वादळाचा नोव्हेंबर आला. दक्षिण भागात घरांच्या कौलांपर्यंत बर्फ चढला, लोक गाड्यांत अडकून पडले, आणि नॉर्ब दोन-दोन पाळ्या लागोपाठ करायला लागला. मी पहाटे तीनला बेकरीत जाण्यासाठी उठायचे. "तुझी झोप नको मोडायला," असं म्हणून तो डॉनाच्या खोलीत झोपला. दोन दिवस. मग आठवडा. मग तो हिवाळा. मार्चमध्ये बर्फ वितळला, गटारं वाहायला लागली, ट्यूलिप आले, आणि नॉर्ब काही परत आला नाही. मी वाट बघितली. बोलवायचं कसं? एवढ्या जुन्या नवऱ्याला काय म्हणायचं, ये रे झोपायला? मला वाटलं, त्याला तिकडे बरं वाटत असेल. मी जाड झाले होते. घामही यायचा तेव्हा मला रात्री, पांघरूण फेकायचे, पुन्हा ओढायचे. कुणाला आवडेल असल्या बाईशेजारी झोपायला? एकदा असं ठरवून टाकलं की त्याला पुरावे मिळत जातात. तो माझ्यासाठी कॉफी करून ठेवायचा, माझ्या गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडून द्यायचा, आणि मी मनात म्हणायचे, हो, म्हणजे बाकी सगळं करेल.

म्हणून त्या बंकवाल्याचा नकाशा त्याने पहिल्यांदा टेबलावर पसरला तेव्हा मला त्यातलं ते एक दारच दिसलं. चाकांवरसुद्धा हा माणूस आपल्यासाठी वेगळी खोली घेऊन निघालाय. पंचवीस-तीस फुटांच्या डब्यातही याला मधे एक दार हवंय. आणि मी? मी टाकीबद्दल बोलत राहिले. ओव्हन हवाच, म्हणाले. खिडकी सिंकवर हवी. वसंत लागल्यापासून आम्ही छतापासून चाकांपर्यंत सगळ्यावर बोललो, तावातावाने भांडलोसुद्धा, आणि झोपायचं कुठे यावर एकदाही नाही. आता आज ट्रिशने काउंटरवर दोन्ही हात टेकून समोर ठेवलं ते अगदी सरळ होतं. एक तर बंकवाला घ्या, पण मग लाल ट्रक द्या आणि तो बाहेर उभा आहे तसला मोठा डिझेल ट्रक घ्या. नाहीतर लाल ट्रक ठेवा आणि हा आखूड ट्रेलर घ्या, एका पलंगाचा. वेगळी खोली हवी असेल तर मोठा ट्रक. तिला काय माहीत की तिने नेमकं कशावर बोट ठेवलं. मी नॉर्बकडे बघितलं. तो डिझेल ट्रककडे बघत होता, आणि त्याच्या तोंडावर लोभ नव्हता, नुसती काळजी होती. "काय करायचं गं?" तो म्हणाला. "तू म्हणशील तसं," मी म्हणाले. "नाही, तू म्हण." "मी काय म्हणू? ट्रक तुझा." ट्रिशने च्युइंगमचा फुगा फोडला. "हे बघा, लोकं काय करतात सांगू? आत जाऊन एक अख्खा दिवस जगून बघतात. उठा, आंघोळ करा, अंडी तळा, भांडा, झोपा. सगळं खोटं खोटं. लाजू नका, इथे सगळेच करतात. फक्त बुटांवर या पिशव्या चढवा." आणि तिने आमच्या हातात निळ्या प्लॅस्टिकच्या चार पिशव्या दिल्या.

तर साठी ओलांडलेली आम्ही दोन माणसं पायांत निळ्या पिशव्या घालून बंकवाल्यात शिरलो आणि भातुकली मांडली. आत नव्या प्लायवुडचा आणि गोंदाचा वास होता, डोळ्यांना झोंबणारा. मी सिंकपाशी उभी राहिले. खिडकीतून शेजारच्या ट्रेलरची भिंत दिसत होती. "अंडी कशी घेणार?" मी विचारलं. "दोन्ही बाजूंनी." मी हवेत अंडी फोडली. नॉर्ब न्हाणीघरात जाऊन उभा राहिला, कोपर भिंतीला आपटलं, शिवी दिली, बाहेर आला. आम्ही टेबलाशी बसून नसलेली अंडी खाल्ली. गुडघे गुडघ्यांना लागले, दोघांनीही "सॉरी" म्हटलं. मग तो म्हणाला, "बरं, आता रात्र झाली." मी म्हणाले, "झाली." तो उठला. "बरंय मग," म्हणाला. माझ्या तोंडून आपोआप "बरंय" गेलं. मी पुढे मोठ्या पलंगाकडे गेले, तो मागे बंकच्या खोलीत गेला, आणि दार लावल्याचा आवाज आला. मी त्या मोठ्या पलंगाच्या काठावर बसले. गादीवर प्लॅस्टिक होतं, ते चरचरलं. छतात एक गोल झरोका, त्यातून ऑगस्टचं ऊन थेट मांडीवर पडलेलं. आणि मग भिंतीपलीकडून, म्हणजे तीन पातळ भिंतींपलीकडून, नॉर्ब खोकला. एकदा. मी वाट बघत बसले. दुसऱ्यांदा. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ॲरिझोना असो, समुद्र असो, रेडवूडचं जंगल असो, आम्ही जिथे जाऊ तिथे ही भिंत दोरीला बांधून ओढत नेणार. आणि तिच्यासाठी आणखी मोठा ट्रक घेणार. मला ओरडावंसं वाटलं, नॉर्ब, बाहेर ये तिथून. पण मी म्हणाले, "बंक कसा आहे?" "आखूड आहे," आतून आवाज आला, "पाय मुडपावे लागतात. पण चालेल." "चालेल" असं तो म्हणाला ना, तो आवाज सुखाने झोपायला निघालेल्या माणसाचा नव्हता. ते माझ्या लक्षात आलं. पण लक्षात आलेल्या गोष्टीचं करायचं काय, हे मला कधीच कळत नाही.

आखूड ट्रेलर पलीकडच्या रांगेत होता, जरा जुना नमुना, खिडक्यांना हिरवे पडदे. आत शिरलं की डावीकडे ओटा, उजवीकडे टेबल, आणि समोर भिंतीला चिकटवून एकच पलंग. तीन बाजूंनी भिंत. आत चढायचं ते एकाच बाजूने. अंडी पुन्हा तळायचा उत्साह कुणालाच नव्हता. आम्ही उभेच. मी पडदा बाजूला सारला, पुन्हा लावला. नॉर्बने एक कपाट उघडलं, आत बघितलं, बंद केलं, आणि तेच कपाट पुन्हा उघडलं. "रात्र झाली," मी म्हणाले. माझा आवाज मलाच चमत्कारिक वाटला. पाठीला घाम आला होता. तुम्हाला हसू येईल, पण मी घाबरले होते. जन्माचा जोडीदार, त्याची आजारपणं काढली, त्याच्या आईला अंघोळी घातल्या, आणि त्याच्याशेजारी आडवं व्हायचं म्हणून छाती धडधडत होती. "तू भिंतीकडे जा," नॉर्ब म्हणाला, "मला रात्री उठावं लागतं." मी गुडघ्यांवर, हातांवर, रांगत रांगत भिंतीपाशी गेले. सुंदर दिसत नाही बाई असं करताना, तेही निळ्या पिशव्या घालून. तो कडेला बसला, गादी त्याच्या बाजूला दबली आणि मी नकळत अर्धी त्याच्याकडे घरंगळले. भिंतीला धरून थांबले. तो आडवा झाला. दोघंही छताकडे बघत पडलो. आज दिवसभर छतांकडेच बघणं चाललं होतं.

"किती वेळा उठतोस?" मी विचारलं.

"दोनदा. कधी तीनदा."

"माहितीये. बोळातली फळी वाजते."

"तू जागी असतेस?"

"असते."

"रोज?"

"तू परत जाऊन खोकतोस. मग झोपते."

बाहेर कुणीतरी ट्रेलर मागे घेत होतं, बायको हातवारे करत ओरडत होती, "डावीकडे! अरे माझ्या डावीकडे नाही, तुझ्या!" नॉर्बचा श्वास ऐकू येत होता. प्लॅस्टिक चरचरलं. त्याने मान माझ्याकडे वळवली असावी, मी बघितलं नाही.

"मग हाक का नाही मारलीस?" तो म्हणाला.

माझं डोकंच फिरलं. "मी? मी हाक मारायची? तू का नाही आलास? बर्फ वितळून नदीला मिळाला, तू का नाही आलास? आणि आता तो बंकवाला! डॉना येणार म्हणे! डॉना! सरळ सांग ना, नॉर्बर्ट, की बायको नको झालीये. मी काय मरत नाही ऐकून. पण चाकांवर भिंत घालून मला देशभर फिरवू नकोस." एका दमात बोलले आणि मग भिंतीकडे तोंड करून पडले. नाक भिंतीला लागलं. तिथेही गोंदाचा वास होता. मला वाटलं, संपलं, आता तो म्हणेल, की हो, खरंय. घर विकलंय, परत फिरायला जागा नाही, आणि आपण आपल्याच तोंडाने विचारून बसलो.

"आलो होतो," नॉर्ब म्हणाला.

"काय?"

"आलो होतो. त्या वसंतात. शेवटचा बर्फ पडला ना, त्यानंतर. पहाटे आलो, बूट खाली काढले, दाराशी आलो. तुझी सुट्टी होती, तू झोपली होतीस. पलंगाच्या मधोमध. हात असे पसरून. तोंड उघडं." त्याने हात पसरून दाखवला, तो कपाटाला आपटला. "इतकी ऐसपैस झोपली होतीस तू. मी म्हटलं, आयुष्यभर पहाटे तीनला उठते ही बाई, आत्ता कुठे तिला अख्खा पलंग मिळालाय. कशाला मधे घुसायचं? उभा राहिलो थोडा वेळ. मग गेलो. पुन्हा दोन-तीनदा आलो. तू आपली मधोमधच." तो थांबला. "मला वाटलं, तुला बरं वाटतंय. बंकवाला तुझ्यासाठीच बघितला मी. पुढचा मोठा पलंग तुला."

मी वळले. वळायला जागा नव्हती, कोपर त्याच्या बरगडीत गेलं, तो कळवळला. "मधोमध नव्हते रे मी झोपले," मी म्हणाले, "तुझ्या बाजूला सरकत होते. तुझ्या बाजूचा खड्डा आहे ना गादीत, त्यात. रोज तिकडेच सरकायचे, आणि हात टाकायचे." आणि मग मला रडूच कोसळलं. ते दुःखाचं नव्हतं. वर्षानुवर्षं घट्ट घातलेलं काहीतरी कुणीतरी मागून सैल केलं, एवढंच कळत होतं. श्वास पार पोटापर्यंत जात होता. मी रडले, नाक नॉर्बच्या शर्टाला पुसलं, आणि एकदम हसायला लागले, कारण मला तो दिसला, मोजे घातलेला, दाराशी अंधारात उभा, आणि पलंगावर मी तोंड उघडं टाकून त्याच्याच खड्ड्यात हात टाकतेय. काय हे! दोन शहाणी माणसं! गाढवं बरी. नॉर्बही हसायला लागला. आधी नुसता श्वास, मग खांदे, मग तो जुना गदगदा, आणि पलंग हलला. भिंतीवरचं कपाट खुळखुळलं. "हळू," मी म्हणाले, "स्क्रू निघतील." "निघू देत, गॅरंटी आहे," तो म्हणाला. मग माझ्या पोटरीवर काहीतरी चरचरत टेकलं. निळ्या पिशवीतला त्याचा पाय. थंड नव्हता, बाहेर ऑगस्ट होता, पण मी किंचाळले. आपोआप किंचाळले. जमलं मला अजून.

नंतर फार बोललो नाही. त्याचा हात माझ्या पोटावर होता, तिथे, जिथे मी कुणाचा हात येऊ देत नाही, आणि मी पोट आत ओढलं नाही. हिरव्या पडद्यातून ऊन गाळून येत होतं. मी मनातल्या मनात स्वयंपाकघर लावत होते. बर्निसला बिडाचे तवे देऊन टाकायचे, शिवणयंत्रही, लोण्याच्या कोकराचा लाकडी साचा मात्र न्यायचा. भिंतीकडे उशी उभी ठेवली तर थंडी लागणार नाही. उन्हाळ्यात मला घाम येईल, त्याला सांगायचं, सरक. सरकायला जागा नसेल, तेव्हा नुसतं सांगायचं. अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात, तर आमचे चार पाय या अंथरुणात कसे मावतात तेवढंच आता बघायचं होतं. मला इतकं हलकं वाटत होतं, की ट्रिशने त्या क्षणी विचारलं असतं तर मी पुन्हा एकशे साठच सांगितलं असतं, आणि ते खोटं वाटलं नसतं. नॉर्बला मी हे सांगायला मान वळवली, तर तो झोपला होता. दोनदा खोकलाही नव्हता. सरळ घोरत होता. तेवढ्यात दार उघडलं, पॉपकॉर्न खाणाऱ्या कुटुंबातली सहा-सात वर्षांची मुलगी पायरीवर उभी राहिली, आमच्याकडे डोळे विस्फारून बघितलं, आणि मागे वळून ओरडली, "मम्मी! यात माणसंसुद्धा मिळतात!"

नॉर्ब दचकून उठला आणि डोकं कपाटावर आपटलं. आम्ही केस सारखे करत बाहेर आलो. ट्रिश तिथेच उभी होती. "काय ठरलं?" "हाच," नॉर्ब म्हणाला. "आणि बंक?" "बंक काय करायचाय? आमची मुलगी हॉटेलात उतरते." डिझेल ट्रकची विक्री हातची गेली, त्यामुळे ट्रिशने सुस्कारा सोडला, पण मनाने वाईट नव्हती बिचारी. म्हणाली, "बसेल हा तुमच्या ट्रकवर. पण थोडक्यात बसेल. म्हणून आता मला खरे आकडे हवेत. मघाशी तुम्ही दोघांनी जे काय सांगितलंत ना…" तिने आमच्यासारखी मान वर करून दाखवली. मी नॉर्बकडे बघितलं, नॉर्बने माझ्याकडे. आता सगळं सांगून झालं होतं, तरी हे काही सांगवेना. माणसाचं काही खरं नाही. "वेगवेगळं लागतं का?" मी विचारलं. "छे हो. दारावरच्या कागदाला काय करायचंय कोण किती ते? दोघांचं मिळून द्या." मागच्या गोदामात सामान तोलायचा लोखंडी काटा जमिनीत बसवलेला होता. तिने आम्हाला तिकडे नेलं.

मी आधी चढले. या खेपेला पाठ करून नाही, तोंड समोर करून. नॉर्ब चढला. पत्रा छोटा होता, कडेवर तोल राहीना म्हणून त्याने मला कमरेला धरलं, मी त्याला. समोरच्या डब्यावर लाल आकडे नाचले, वर गेले, खाली आले, आणि थांबले. ट्रिशने मोठ्याने वाचलं. "चारशे अठरा." मी श्वास धरला. "बसतं का?" "बसतं," ट्रिश म्हणाली, "पाणी भरूनसुद्धा बसतं. जड तवे आणू नका." मी श्वास सोडला. आणि मग मला नॉर्बचे ओठ हलताना दिसले. हिशेब करत होता, बदमाश. "चारशे अठरातून माझे दोनशे गेले," तो पुटपुटला, "म्हणजे लोरेटा, तू दोनशे…"

"खबरदार!" मी म्हणाले. "चारशे अठरातून माझे एकशे साठ काढ, आणि मग स्वतःकडे बघ."

त्याने ते काढलं. त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. आपण चोरलेला प्रत्येक पौंड इतका वेळ दुसऱ्याच्या अंगावर जाऊन बसत होता, हे आम्हा दोघांच्या एकदमच लक्षात आलं. तो हसायला लागला, त्याच्या हसण्याने काटा हलला, आणि लाल आकडे पुन्हा नाचायला लागले.

"उतरा आता हनी, आकडा मिळालाय," ट्रिश म्हणाली.

"थांब जरा," नॉर्ब म्हणाला, आणि त्याने मला आणखी जवळ ओढलं.